रात्री दोन वाजेपर्यंत उजेड टिकवणारी टॉर्च कशी निवडावी

प्रश्न जिंतूर तालुक्यातल्या एका तरुण वायरमनचा आहे. दिवसा मोटार आणि स्टार्टरची दुरुस्ती, रब्बीत रात्रीच्या लाईनवर स्वतःच्या गहू-हरभऱ्याला पाणी. वर्षभरात चार्जिंगच्या तीन टॉर्च बाद झाल्या. आता अडीच हजारांपर्यंत खर्चायची तयारी आहे. कामाला आणि घरी दोन्हीकडे चालेल अशी मजबूत, लख्ख उजेडाची टॉर्च कोणती घ्यावी आणि शेतातल्या आखाड्यावर झोपणाऱ्या वडिलांना कोणती द्यावी, असं त्यांनी विचारलं आहे. मी परभणी भागात पाणबुडी मोटारी आणि पॅनलचं काम करतो. यातलं बहुतेक काम अंधारातच निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, दुकानदार टॉर्च पेटवून भिंतीवर झोत मारतो, तो पहिल्या मिनिटाचा उजेड असतो. तुम्हाला मात्र रात्री दहाला लाईन आल्यावर बाहेर पडायचं, वाफे बदलत हिंडायचं आणि दोन वाजता मोटार ट्रिप झाली तर विहिरीवर जाऊन स्टार्टर उघडायचा. त्या दोन वाजता हातातली टॉर्च किती उजेड देते, तेवढीच तिची किंमत समजा. ही एक गोष्ट धरून चाललात की खोक्यावरची निम्मी छपाई आपोआप निकामी ठरते.

आता ती छपाई कशी वाचायची ते बघू. चांगल्या कंपन्या अमेरिकेतल्या एफएल-१ या मानकाप्रमाणे आकडे देतात. हे मानक २००९ साली आलं. त्यात लुमेन, म्हणजे टॉर्चमधून निघणारा एकूण उजेड, मोजतात तो टॉर्च पेटवल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत. आणि ‘रनटाइम’ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावर ‘१००० लुमेन, ४ तास’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ चार तास हजार लुमेन असा होत नाही. दहा मिनिटांत टॉर्च तापून तीनशेवर उतरली आणि चौथ्या तासाला शंभरावर रडतखडत आली, तरी तो आकडा मानकाप्रमाणे खराच ठरतो. कंपनीने खोटं सांगितलेलं नसतं, पण आपण फसलेलो असतो. म्हणून रनटाइमचा आलेख बघा. वेळेनुसार उजेड कसा उतरतो याची ती रेघ असते आणि चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात ती छापलेली असते. रेघ बराच वेळ सपाट राहून शेवटी खाली येत असेल तर आत नीट ड्रायव्हर सर्किट, म्हणजे उजेड स्थिर ठेवणारं सर्किट, आहे. सुरुवातीपासूनच घसरगुंडी असेल तर सेल जसा उतरेल तसा उजेड उतरणार.

आणि तीनशे रुपयांना ‘एक लाख लुमेन’? त्याचा हिशोब तुम्हाला वायरमन म्हणून लगेच पटेल. १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, चांगल्यात चांगला घेतला तर साधारण ३५०० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलची साठवण) येतो. व्होल्टेज ३.६. गुणाकार केला की साडेबारा वॉट-अवरच्या आसपास ऊर्जा. चांगली एलईडी टॉर्च एका वॉटला ढोबळमानाने शंभर लुमेन देते. म्हणजे त्या सेलमधून हजार-बाराशे लुमेन एक तास, किंवा तीनशे लुमेन चार तास, किंवा शंभर लुमेन बारा तास. यापेक्षा जास्त कुठून येणार? तुलनेला सांगतो, जीपच्या हेडलाइटमधला एच-४ हॅलोजन बल्ब डिपरला साधारण १००० आणि अप्परला १६५० लुमेन देतो. मुठीएवढ्या टॉर्चमध्ये लाख लुमेन बसवायचे तर तिच्याबरोबर जनरेटर न्यावा लागेल.

सेलच्या बाबतीतही हेच. ज्या १८६५० सेलवर ९९०० एमएएच लिहिलंय तो हातात घेऊन वजन बघा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. नकली पुष्कळदा त्याहून बराच हलका लागतो, कारण आत छोटा सेल घालून वरून कवच चढवलेलं असतं. मोंढ्यातल्या कुठल्याही सोनाराकडे वजन होईल, लाजायचं काही कारण नाही.

तुमच्या तीन टॉर्च कशाने गेल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून त्या भिंतीच्या सॉकेटमध्ये सरळ खोचायच्या, प्लास्टिकच्या, आत ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असलेल्या वाटतात. या टॉर्च गावोगाव आहेत. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. पावसाळ्यात कोनाड्यात ठेवली, दिवाळीनंतर पाण्याची पाळी आली तेव्हा काढली, की पाच मिनिटांत पिवळी पडते. घरात अशी टॉर्च असेल तर वापर नसतानाही महिन्यातून एकदा चार्ज करत राहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या स्वस्त टॉर्चमधल्या बऱ्याच चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट एका कपॅसिटरमधून उतरवून सरळ आत दिलेले असतात. म्हणजे चार्जिंगला लावलेली असताना आतल्या सर्किटचा प्रत्येक भाग मेनशी थेट जोडलेला असतो. अशी टॉर्च चार्जिंगवर असताना हातात घेऊन पेटवू नका, फुटलेल्या बॉडीची तर मुळीच लावू नका, आणि लेकरांच्या हाताला लागेल अशा सॉकेटवर ठेवू नका. पाचशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका घरात आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाच व्होल्टवर, मोबाईलच्या चार्जरने चार्ज होणारी टॉर्चच घ्या.

आता काय घ्यायचं ते सांगतो. एकाच लिथियम सेलची टॉर्च घ्या, आणि तो सेल हाताने काढता-घालता येणारा हवा. आतच चिकटवून टाकलेल्या सेलची टॉर्च सेलबरोबरच मरते. सेल निघत असेल तर दोन-तीन वर्षांनी नवा सेल टाकला की टॉर्च पुन्हा नव्यासारखी. एका सेलची का म्हणतो? दोन-तीन सेल एकामागे एक लावलेल्या टॉर्चमध्ये एक जुना आणि एक नवा सेल पडला तर कमजोर सेल प्रमाणाबाहेर उतरतो, आणि लिथियमच्या बाबतीत ते धोक्याचं असतं. खेड्यात सेल असे मिसळले जातातच. जमल्यास १८६५० पेक्षा २१७०० हा मोठा सेल बघा, २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब. त्यात खरे ५००० एमएएच मिळतात, म्हणजे १८ वॉट-अवर. चारशे लुमेन चार तास आरामात. पाण्याच्या एका पाळीला एवढं पुरतं. टॉर्च मुठीत जरा जाड लागते, पण हातमोजे घातल्यावर तीच बरी.

सेल विकत घेताना जुन्या लॅपटॉपमधून काढलेले घेऊ नका, कितीही स्वस्त मिळोत. वरचं प्लास्टिकचं कवच फाटलेला सेल वापरू नका. आणि सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीच ठेवू नका. शॉर्ट झाला तर खिशातच पेटतो. एक किरकोळ पण त्रासदायक बाब, संरक्षण सर्किट बसवलेला १८६५० सेल ६५ ऐवजी ६८-७० मिलिमीटर भरतो आणि काही टॉर्चमध्ये झाकण लागत नाही. टॉर्चबरोबर आलेला सेल मोजून ठेवा आणि तसाच मागवा.

लुमेन किती हवेत? लोकांना वाटतं त्यापेक्षा बरेच कमी. स्टार्टरची पेटी उघडून आत बघायला शंभर-दीडशे पुरे. जास्त उजेड मारला तर पत्र्यावरून परतून डोळ्यांवर येतो आणि त्यानंतर बांधावरचं काही दिसत नाही, कारण अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बांधावरून चालायला दोनशे-तीनशे. पाचशे-हजार लागतात ते लांबून डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बघायला, तारेवर फांदी पडलीय का ते शोधायला, पिकात रानडुकरं शिरली का ते बघायला, आणि तेही मिनिट-दोन मिनिटांसाठी. म्हणून सगळ्यात वरचा आकडा सोडा. मधल्या पायरीवर, तीनशे-चारशे लुमेनवर, ती सलग किती तास तग धरते ते विचारा. लाईन गेल्यावर घरात तर तीस-पन्नास लुमेन छताकडे करून ठेवले की खोलीभर जेवणापुरता उजेड होतो. म्हणून अगदी मंद पायरीही टॉर्चला हवीच.

लांब बघायचं असेल तर लुमेनबरोबर कँडेलाही बघावे लागतात. कँडेला म्हणजे झोताचा मधला जोर. एफएल-१ मध्ये झोताचा पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो ते अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. १०,००० कँडेलाची टॉर्च असेल तर पल्ला २०० मीटर निघतो. तो दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात. पण चांदण्यात तुटलेली तार दिसत नाही. खोक्यावर २०० मीटर असेल तर कामाचं अंतर सत्तर-ऐंशी मीटर धरून चाला. आपल्या कामाला मधे घट्ट झोत आणि भोवती भरपूर फैलाव असा मिश्र प्रकार लागतो. नुसता लांब जाणारा सुईसारखा झोत शेतात धोक्याचा आहे. दूरचं झाड दिसतं, पायाजवळचं काही दिसत नाही.

पायाजवळचं म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत, आणि मण्यार तर रात्रीच हिंडते. घोणस वाळल्या पाचटात, धसकटात पडलेली असते तेव्हा तिच्या अंगावरचे तपकिरी गोल नक्षीदार ठिपके जमिनीत मिसळून जातात. निळसर-पांढऱ्या उजेडात हे सगळं एकसारखं राखाडी दिसतं. म्हणून रंग नीट दाखवणारी, मध्यम पांढऱ्या उजेडाची टॉर्च घ्या असा माझा आग्रह असतो. खोक्यावर उजेडाच्या छटेचा आकडा ४००० ते ५००० केल्विन असा लिहिलेला असतो, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर असेल तर उत्तम. त्याला लुमेन थोडे कमी मिळतात. मिळू देत. पॅनलच्या कामातही हाच उजेड उपयोगी पडतो. जुन्या, उन्हाने विटलेल्या केबलमधला लाल कोणता, पिवळा कोणता आणि निळा की काळा हे स्वस्त निळसर उजेडात ठरवता येत नाही, आणि फेज उलटली तर मोटार उलटी फिरते. झोत तीन-चार पावलं पुढे जमिनीवर ठेवून चाला, पायात गमबूट आणि हातात काठी असू द्या. उजेडाने साप पळत नाही, तो फक्त तुम्हाला वेळेत दिसतो. आणि चावलाच तर टॉर्च घेऊन साप शोधत बसू नका. ज्या दवाखान्यात सर्पविषाची लस आहे तिकडे थेट निघा.

मजबुतीबद्दल. ॲल्युमिनियमची, जाड ॲनोडाइझ केलेली बॉडी पडझड चांगली सोसते. एफएल-१ मधली पडण्याची चाचणी किमान एक मीटर उंचीवरून, काँक्रीटवर असते. पोल आठ मीटरचा असतो, तिथून पडल्यावर कुठल्याच टॉर्चची हमी देता येत नाही. दोरी बांधा, नायलॉनची, साखळी नको. पाण्यासाठी आयपी ६७ किंवा ६८ बघा. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, दुसरा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुढे-मागे सरकवून झोत बारीक-मोठा करायच्या ‘झूम’ टॉर्च टाळा. मुंडकं सरकताना ते पंपासारखी हवा ओढतं आणि हवेबरोबर ओल आणि धूळ आत जाते. आपली काळी माती पेचात बसली की झाकण फिरत नाही. महिन्यातून एकदा पेच कोरड्या फडक्याने पुसा आणि रबराच्या गोल कडीला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. गाडीचं ग्रीस लावू नका, काही रबर त्याने फुगतात.

धातूची बॉडी चालू पॅनलमध्ये मात्र नको. शेपटीला लोहचुंबक असलेली टॉर्च स्टार्टरच्या पेटीच्या दाराला बाहेरून चिकटवता येते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ही सोय मला फार मोलाची वाटते. पण ती पेटीच्या आत चिकटवू नका. सुटली आणि टर्मिनलवर आडवी पडली तर सरळ शॉर्ट. आतल्या कामाला डोक्याला बांधायची लहान प्लास्टिकची टॉर्च चांगली. उजेडात तारा दिसतात, तारेतला करंट दिसत नाही, म्हणून टेस्टर लावल्याशिवाय हात घालायचा नाही हे तुम्हाला माहीत आहेच. तरी रात्री दोनला, झोपेत, नेमकं तेवढंच राहून जातं.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. स्वस्त टॉर्च उजेड कमी करण्यासाठी एलईडी भराभर चालू-बंद करते. डोळ्यांना ते कळत नाही, पण कडबा कुट्टीचं चाक किंवा मळणी यंत्राचा पट्टा अशा उजेडात थांबल्यासारखा किंवा हळू फिरल्यासारखा दिसू शकतो. फिरत्या यंत्राजवळ हा भ्रम हात घेऊन जाईल. दुकानात टॉर्च मंद पायरीवर ठेवा आणि मोबाईलचा कॅमेरा तिच्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे ठळक सरकताना दिसले तर यंत्राच्या कामाला ती घेऊ नका.

बटण शेपटीला असलेलं, कट् आवाज करणारं यांत्रिक घ्या. बाजूला असलेलं नाजूक इलेक्ट्रॉनिक बटण पिशवीत दाबलं जातं, शिवाय बंद असतानाही ते थोडा करंट खातं. तसं असेल तर शेपटी पाव फेरी सैल करून ठेवायची. लुकलुकणारे आणि एसओएसचे प्रकार प्रत्येक दाबाला मधे येत असतील तर ती टॉर्च कामावर वैताग आणते. शेवटची पायरी लक्षात ठेवणारी बघा.

चार्जिंगचा सी-पोर्ट असेल तर एक तपासणी करा. कमी किमतीच्या काही टॉर्च दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर होतात. टॉर्च बिघडली म्हणून परत करण्याआधी केबल बदलून बघा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना गाडीच्या डिकीत टॉर्च ठेवू नका, आणि तापलेली टॉर्च लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. रात्री, गार झाल्यावर लावा.

जुन्या विहिरीत किंवा गोबर गॅसच्या टाकीत डोकावण्याचं वेगळं सांगतो. टॉर्च तळ दाखवते, हवा दाखवत नाही. बंद पडलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. उजेडात सगळं ठीक दिसतं म्हणून उतरू नका. गोबर गॅसजवळ तर साधी टॉर्च पेटवूच नका, बटणाची ठिणगी पुरते. तिथे ज्वालाग्राही वायूसाठी प्रमाणित केलेली टॉर्चच लागते.

तुमच्या अडीच हजारांत फिनिक्स, नाइटकोर, सोफर्न किंवा कॉन्व्हॉय यांच्या एका सेलच्या साध्या मॉडेलांपैकी एखादं बसू शकेल. या कंपन्या उजेडाचे आकडे बऱ्यापैकी सरळ देतात. सगळे पैसे एका टॉर्चमध्ये घालू नका. चार-पाचशे रुपये दुसऱ्या सेलसाठी बाजूला ठेवा. खिशात डबीत भरलेला एक जादा सेल असला की रात्रीचा प्रश्नच उरत नाही. बिल घ्या, आणि घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्ण चार्ज करून मधल्या पायरीवर अंधाऱ्या खोलीत छताकडे तोंड करून ठेवा. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं. मोबाईल एका जागी ठेवून दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. तिसऱ्या तासाला पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.

वडिलांसाठी मात्र लिथियमची नको. त्यांना पायऱ्या, चार्जिंग, सेलची काळजी यात घालू नका. दोन पेन्सिल सेलवर चालणारी, एकच बटण असलेली, शंभर लुमेनच्या आसपासची साधी एलईडी टॉर्च द्या. पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतो. फक्त हंगाम संपला की सेल काढून ठेवा, आतच राहिले तर गळतात आणि टॉर्चचा संपर्क खाऊन टाकतात. आखाड्यावर ती खाटेच्या पायाला दोरीने बांधून ठेवा, नेहमी एकाच बाजूला, म्हणजे झोपेतही हात तिच्यावर जाईल. आपल्या पट्ट्यात हे घरीसुद्धा करावं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, ऐन अंधारात झाला, आणि वसमत-हिंगोलीकडे २०२४ मध्येही जमीन हलली आहे. खाली पाय ठेवायच्या आधी उजेड हातात हवा, भूकंपात पडलेल्या विटांसाठीही आणि रोजच्या रात्री खाटेखाली आलेल्या मण्यारीसाठीही. वडिलांना खाली नव्हे, खाटेवरच झोपायला सांगा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायला लावा.